सगळे मोठे वक्ते शेवटी हरलेच, मग वक्तृत्वानं इतिहास घडवला कुठं?

औशाचा_पोरगा
नमस्कार मंडळी. लातूरला बीए सेकंड इयरला आहे, इतिहास घेतलाय. यंदा वक्तृत्व स्पर्धेला सरांनी माझं नाव टाकलंय आणि विषय आलाय 'वक्तृत्वाने इतिहास घडविला'. सर म्हणले दहा-बारा नावं घे, मधी मधी शेर टाक, शेवटी आवाज चढव, नंबर पक्का. म्हणून लायब्ररीत बसून एकेकाचं वाचायला घेतलं अन् डोक्याचा पार भुगा झाला, कारण ज्याचं बघावं तो हरलेलाच निघायलाय.

ग्रीसमधला डेमोस्थेनीस, तोच तो तोंडात खडे घेऊन बोलायची प्रॅक्टिस करणारा, इ.स.पू. ३५१ पासून घसा फोडून सांगायलाय की मॅसेडोनियाचा फिलिप राजा आपल्याला गिळणार, आणि इ.स.पू. ३३८ ला कायरोनियाच्या लढाईत फिलिपनं अथेन्सला लोळवलंच. रोमचा सिसेरो, त्यानं सेनापती अँटनीविरुद्ध भाषणामागून भाषण ठोकलं तर इ.स.पू. ४३ मधी त्याचं मुंडकं अन् हात कापून ज्या चौथऱ्यावरून भाषणं व्हायची तिथंच लावले. ब्रिटिश खासदार एडमंड बर्क, ईस्ट इंडिया कंपनीचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जविरुद्ध लंडनमधी नुसतं सुरुवातीचं भाषणच चार दिवस बोलला, खटला सात वर्षं चालला आणि १७९५ ला हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. आपले लोकमान्य १९०८ ला हायकोर्टात २१ तासांच्या वर स्वतःची बाजू मांडत होते आणि शेवटी सहा वर्षं मंडाले.

मग घडवला काय? का आपण उगं टाळ्या वाजवायच्या म्हणून वाजवतो? आणि दुसरं, टिळकांच्या आधी आपल्याकडं भाषण हा प्रकारच नव्हता का? आपल्या मराठवाड्यातलं तर एक नाव सापडंना. कुणाला माहिती असेल तर सांगा, लिंक नका देऊ, तुमच्या शब्दात सांगा.

गारखेडा_कट्टा
शेर नको टाकू भाऊ. परीक्षकांना तेच तेच शेर ऐकून ॲसिडिटी झालेली असते.

काळा_कोट_परभणी
पोरा, प्रश्न चांगला काढलास, पण तू फक्त निकाल बघायलास. आमच्या धंद्यात पहिलं बघायचं असतं की समोर बसलंय कोण आणि त्याच्या हातात काय आहे. डेमोस्थेनीसनं बोलायचं होतं अथेन्सच्या नागरिकांशी, त्यांना मत होतं. फिलिप काही त्याच्या समोर बसून ऐकत नव्हता, मग फिलिप जिंकला म्हणून भाषण पडलं असं कसं म्हणायचं?

उलट बघ. इ.स.पू. ३३९ ला फिलिप पार जवळ येऊन बसला तेव्हा हाच डेमोस्थेनीस थीब्सला गेला. थीब्स अन् अथेन्सचं जुनं वाकडं, आणि तिथं फिलिपचे दूत आधीच येऊन बसलेले, आमच्याकडं या म्हणून आमिष दाखवत. त्या सगळ्यांच्या तोंडावर ह्यानं थीब्सला अथेन्सच्या बाजूनं वळवलं. लढाई हरली ती सैन्यानं हरली. आणि खरी मजा पुढं आहे. आठ वर्षांनी, इ.स.पू. ३३० ला, एस्किनीस नावाच्या त्याच्या दुश्मनानं मुद्दा काढला की ज्याच्या सल्ल्यानं आपण बुडालो त्याला सोन्याचा मुकुट कसला देता. शेकडो ज्युरी बसलेले, त्यातल्या कितीकांच्या घरातले त्या लढाईत गेले असतील. डेमोस्थेनीसनं "माझा अंदाज चुकला" असं म्हणलंच नाही, तो म्हणला निकाल आधी माहीत असता तरी ह्या गावानं लढायलाच पाहिजे होतं, आपल्या बापजाद्यांनी तेच केलं असतं. एस्किनीसला पाचवा हिस्सा मतंसुद्धा पडली नाहीत, दंड बसला आणि तो गाव सोडून गेला. लढाई हरलेल्या माणसाला त्याच लढाईत पोळलेल्या लोकांनी मतं दिली, ह्याला तू हरणं म्हणतोस?

आता एक असं सांगतो की जिथं भाषणानं सरळ सरळ जीव वाचले. तुझ्या सरांच्या यादीत हे नसणार.

इ.स.पू. ४२७. मिटिलीनी नावाचं शहर, लेस्बॉस बेटावर, अथेन्सच्या ताब्यातलं, ते उठलं आणि मोडून काढलं. अथेन्सची सभा भरली, लोक भडकलेले, ठराव झाला की तिथले सगळे मोठे पुरुष मारायचे आणि बायका-लेकरं गुलाम करायची. हुकूम घेऊन जहाज निघालंसुद्धा. रात्री झोपून उठल्यावर लोकांना वाटायला लागलं की हे जरा अतीच झालं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत सभा. क्लिऑन उठला, त्याचा मुद्दा असा की रोज ठराव फिरवणारं शहर राज्य करू शकत नाही, आणि तुम्ही लोक भाषणं ऐकायला तमाशाला बसल्यासारखे बसता. (हे म्हणणारा स्वतः नंबर एकचा भाषणबाज, हे लक्षात घे.) मग उठला डायोडोटस. ह्या माणसाचं दुसरं काहीच आपल्याला माहीत नाही, एवढंच भाषण. त्याच्या जागी आपल्यातला कुणी असता तर दया, माणुसकी, लेकरंबाळं करत बसला असता. त्यानं काय केलं, तो म्हणला ते दोषी आहेत का नाहीत हा विषयच सोडा, आपण कोर्टात नाही, आपण ठरवायलोत आपला फायदा कशात आहे. आज ह्यांना शरण आल्यावरही मारलं तर उद्या दुसरं गाव उठेल ते शरण येणारच नाही, कारण शरण आलं काय अन् नाही आलं काय मरण एकच. मग वेढा घालून महिने घालवा, पैसा घालवा, आणि शेवटी हातात पडणार उद्ध्वस्त गाव, ज्याच्याकडून खंडणीही मिळणार नाही. हात वर करून मतं झाली, जवळपास बरोबरीची, डायोडोटस थोडक्यात निघाला.

आणि मग दुसरं जहाज सोडलं. पहिलं एक दिवस एक रात्र पुढं गेलेलं. मिटिलीनीच्या दूतांनी खलाशांना दारू अन् जवाचं पीठ पुरवलं, पोचलात तर मोठं बक्षीस कबूल केलं. खलाशी वल्ही मारता मारताच दारू अन् तेलात मळलेलं पीठ खायचे, पाळीपाळीनं झोपायचे, थांबायचं नाही. पहिल्या जहाजाला असल्या कामाची घाई नव्हती, ते आपलं निवांत चाललेलं. पहिलं पोचलं, सेनापती पाकेसनं हुकूम वाचला, अंमल करणार एवढ्यात दुसरं येऊन लागलं. त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडीस, त्यानं हे सगळं लिहून ठेवलंय. बंडाचे म्होरके मात्र मारलेच, ते क्लिऑननं सोडलं नाही.

ज्युनियर पोरांना मी हेच सांगतो, जज्जसमोर रडू नका, जज्जला त्याच्या कामाचं काय ते सांगा.

औशाचा_पोरगा
बापरे सर हे तर पिक्चरच आहे. डायोडोटस नाव पहिल्यांदा ऐकायलो. पण मग टिळकांचं? ज्युरी तर तिथंही होती ना.

काळा_कोट_परभणी
होती. नऊ जण, सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल लागला सात विरुद्ध दोन. आता तूच सांग ती सात मतं कुणाच्या भाषणानं हलली असती. टिळकांना ते कळत नव्हतं असं वाटतं का तुला? २१ तास ते बोलत होते ते त्या नऊ जणांशी बोलत होतेच, कायद्याचा कीस काढत होते, मूळ मराठी लेखाचं भाषांतर कसं चुकवलंय ते दाखवत होते, पण खरे ऐकणारे बाहेर होते. २२ जुलैला शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद केलं, शिक्षेच्या एकेका वर्षाला एकेक दिवस. ते कामगार कोर्टात बसले नव्हते, त्यातल्या बऱ्याच जणांना केसरी वाचताही येत नसेल. कुणीतरी वाचून दाखवलं असेल, कुणीतरी चाळीत येऊन सांगितलं असेल.

आणि टिळक प्रत्येक वेळी हरले असंही नाही. १९१६ ला बेळगाव अन् अहमदनगरच्या स्वराज्यावरच्या भाषणांवरून परत पकडलं, वीस हजारांचा जातमुचलका मागितला, वरून दहा-दहा हजारांचे दोन जामीन. बचावाला जिना उभे राहिले. हायकोर्टानं नोव्हेंबरात तो हुकूम रद्द केला, म्हणले इकडचं एक वाक्य तिकडचं एक वाक्य उचलून नाही चालत, भाषण सबंध वाचायचं असतं. ती भाषणं साध्या बोलीतली, शेतकऱ्याला कळतील अशी होती. नगर म्हणजे आष्टी-पाटोद्याच्या शेजारीच की, आपल्याकडची माणसं तिथं बाजाराला जायची.

सिसेरोचंही ऐक. तू त्याचं मरण सांगितलंस, इ.स.पू. ७० चं सांगितलं नाहीस. व्हेरिस नावाचा सिसिलीचा सुभेदार तीन वर्षं नुसती लूट करून आलेला. त्याच्या बाजूनं होर्टेन्सियस, तेव्हाचा एक नंबरचा वकील आणि पुढच्या वर्षीचा कॉन्सल, म्हणजे रोमचा सगळ्यात वरचा अधिकारी. त्यांचा डाव साधा, सणासुदीच्या सुट्ट्यांत तारखा ढकलत न्यायच्या, नवीन वर्षी आपली माणसं येतील. तारीख पे तारीख त्या काळीही होती बघ. सिसेरोनं तपासाला ११० दिवस मागून घेतले आणि ५० दिवसांत सिसिली पालथी घालून साक्षीदार घेऊन परत. आणि कोर्टात लांबलचक भाषण करायचा रिवाज असताना त्यानं थोडक्यात सुरुवात केली आणि सरळ साक्षीदारच उभे करायला लागला. व्हेरिस निकालाच्या आधीच मार्सेयला पळाला. रोमच्या सगळ्यात मोठ्या वक्त्यानं केस जिंकली ती कमी बोलून. तयार केलेली बाकीची भाषणं मग त्यानं तशीच प्रसिद्ध करून टाकली, कधी न झालेली भाषणं.

धाराशिव_एक्सप्रेस
वकीलसाहेब सगळं बरोबर, पण तुम्ही फक्त चांगली बाजू सांगायलेत. त्याच अथेन्सनं बारा वर्षांनी भाषण ऐकूनच स्वतःचं वाटोळं करून घेतलं की. इ.स.पू. ४१५, सिसिलीवर स्वारी करायची का नाही. अल्सिबायडिस तरणाबांड, घोड्यांचा शौक, बोलायला एकदम भारी, तो म्हणतो चला. म्हातारा निकियस म्हणतो नको. लोक ऐकंनात म्हणून निकियसनं डोकं लावलं, त्यानं खर्चच इतका फुगवून सांगितला की एवढी जहाजं लागतील, एवढं सैन्य, एवढं धान्य, म्हणजे लोक घाबरून नको म्हणतील. झालं उलटंच, लोक म्हणले वा, एवढं सगळं घेऊन गेलं तर हरायचा प्रश्नच नाही, मंजूर! लागेल तेवढं घ्यायचे पूर्ण अधिकार दिले आणि नको म्हणणाऱ्या निकियसलाच एक सेनापती म्हणून पाठवलं. इ.स.पू. ४१३ ला सगळं आरमार गेलं, निकियस मारला गेला, उरलेले कैदी सिराक्यूजच्या दगडाच्या खाणीत सडले.

म्हणून मला त्या "ऐकणारे कोण होते" वर एवढं समाधान नाही. दोन्ही वेळेला ऐकणारे तेच, हातात मत तेच. मग फरक कशाचा? मला वाटतं मिटिलीनीच्या वेळेला त्यांना एक रात्र झोपायला मिळाली एवढाच फरक.

काळा_कोट_परभणी
सिसिलीच्या वेळेलाही दोन सभा झाल्या होत्या एक्सप्रेस, मधी चार दिवस होते. निकियसनं फुगवून सांगितलं ते दुसऱ्या सभेत.

धाराशिव_एक्सप्रेस
मग तर अजूनच वाईट 😄

अंबाजोगाईची_मास्तरीण
दोघं अथेन्समधी भांडत बसा, लेकराच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही. मी सांगते.

बाळा, मराठवाड्यातलं नाव सापडत नाही कारण तू माईक शोधायलास. आपल्याकडं शेकडो वर्षं ऐकणारा एकच असायचा, तख्तावर बसलेला. त्याच्यासमोर बोलायचं काम वकिलाचं. कोर्टातला वकील नाही हं, दरबारात आपल्या धन्याच्या वतीनं बसणारा. निजामाच्या दरबारात पेशव्यांचे वकील होते गोविंदराव काळे. चौथ-सरदेशमुखीची थकबाकी कित्येक वर्षांची तुंबलेली, काळे हिशेब मांडायचे, निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क टोलवायचा. शेवटी दिवाण भर दरबारात म्हणला की नाना फडणीसांनी स्वतः इथं यावं आणि हिशेब समजावून द्यावा. काळे म्हणले नानांना कामं फार आहेत, ते कसे येतील. दिवाण म्हणला, कसे आणायचे ते मी दाखवतो. बस्स, ह्या एका वाक्यावर गोष्ट गेली. ११ मार्च १७९५ ला खर्ड्याला लढाई झाली, जामखेडजवळचं खर्डा, आपल्या सीमेवरच. निजाम खर्ड्याच्या गढीत कोंडला गेला. तहात काय काय द्यावं लागलं बघ, परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, दौलताबादचा किल्ला, तीन कोटी रुपये, आणि ज्यानं नानांना आणून दाखवतो म्हणलं होतं तो मुशीरुल्मुल्क स्वतः ओलीस म्हणून पुण्याला गेला. दरबारातलं भाषण असं असतं, एक एक वाक्य, आणि त्याच्यामागं किती फौज उभी आहे त्याच्यावर त्याचं वजन. तुला स्पर्धेत हे सांगता आलं तर ऐकणारे सावरून बसतील, कारण दौलताबादला सहल सगळ्यांची गेलेली असते.

दुसरा प्रकार, ज्याला आपण राजकीय म्हणतच नाही. पैठणचे एकनाथ महाराज, सोळावं शतक, त्यांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादच्या किल्ल्यावर अधिकारी. म्हणजे नाथांनी सरकारी कारभार जवळून बघितलेला. त्यांचं एक भारूड सबंध फारसी अर्जाच्या थाटात आहे, वर बंदगी बंदेनवाज, परगणे शरीराबाद, जिवाजी शेखदार, आणि खाली तक्रार काय तर शरीराच्या परगण्यात कोण कोण माजलंय. लोक हसत असतील ते नुसतं अध्यात्मावर हसत नसतील, रोज ज्या कचेरीत चकरा मारायच्या तिथली भाषा कीर्तनात ऐकून हसत असतील, असं आपलं मला वाटतं. आणि 'हिंदू-तुर्क संवाद' तर उघड उघड वादविवादच आहे. तुर्क दखनीत बोलतो, हिंदू मराठीत, दोघं एकमेकांच्या देवाधर्माची यथेच्छ उणीदुणी काढतात, कुणी कुणाला सोडत नाही, आणि शेवटी दोघं गळ्यात पडतात. चारशे वर्षांपूर्वी पैठणसारख्या कर्मठ गावात बसून हे लिहायचं म्हणजे छातीचं काम. त्यात नाथांनी दोन्ही बाजूंना बोलायला सारखी संधी दिलीय, दुसऱ्याच्या तोंडी मुद्दाम लेचापेचा मुद्दा घातलेला नाही. तुमच्या स्पर्धेत विरोधी बाजू कशी मांडायची हे शिकायचं असेल तर ते वाच.

आणि भाषण म्हणशील तर निजाम राजवटीत सभा घ्यायची तर सरकारची आगाऊ परवानगी लागायची, 'गश्ती निशाण ५३' नावाचं परिपत्रकच होतं त्याच्यासाठी. व्यासपीठच नाही तर वक्ता कुठून सापडणार तुला? माणसं वाचनालयं काढायची, शाळा काढायची, गणपती बसवायची आणि त्याच्या आडून बोलायची. निजामाच्या राज्यातल्या मराठी लोकांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरायला परतूरला १९३७ साल उजाडलं. तेव्हा पुण्या-मुंबईत भाषणांना साठ वर्षं होऊन गेली होती.

निवृत्त_लेखापाल_नांदेड
मास्तरीणबाईंचा मुद्दा आवडला. मी जन्मभर आकडेच जुळवले म्हणून आकड्यांच्या भाषणांविषयी बोलतो, पोरं ह्यांना रटाळ समजतात.

दादाभाई नौरोजींनी १८७० च्या दशकात हिशेब काढला की ब्रिटिश हिंदुस्थानात माणशी वर्षाचं उत्पन्न २० रुपयांच्या आसपास पडतं. बरं नुसतं एवढं सांगून सोडलं असतं तर साहेबानं म्हणलं असतं, तुमचा आकडा चूक आहे. दादाभाईंनी काय केलं, सरकारचेच तुरुंगाचे रिपोर्ट काढले आणि एका कैद्याच्या खाण्या-कपड्यावर सरकार वर्षाला किती खर्च करतं ते शेजारी ठेवलं. कैद्याचा खर्च जास्त. म्हणजे बाहेरच्या मोकळ्या माणसापेक्षा आतला कैदी बरा खातो, आणि हे सरकारच्याच वहीत लिहिलेलं. ह्याच्यापुढं आवाज चढवायची गरज आहे का? हेच दादाभाई १८९२ ला लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटवर निवडून आले, अगदी काठावर, विरोधक त्यांना 'नॅरो मेजॉरिटी' म्हणून चिडवायचे.

गोखल्यांचं तसंच. २६ मार्च १९०२, कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात त्यांचं पहिलं बजेट भाषण. सरकार खुशीत, कोट्यवधींची शिल्लक पडलेली, सगळे अभिनंदन करायलेत. गोखले उठले आणि म्हणले ही शिल्लक भरभराटीची खूण नाही, दुष्काळात लोक मरत असताना तिजोरीत पैसा उरतो ह्याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त घेतलाय. त्यातही मिठावरचा. आमच्या ऑफिसात शिल्लक दिसली की साहेब पेढे वाटायचे, मला दर वेळी गोखले आठवायचे पण बोलायची टाप नव्हती. कौन्सिलात सरकारी मतंच जास्त, म्हणजे मतदानाला पडलं तर गोखले हरणार हे पक्कं. तरी मिठाचा कर मणाला अडीच रुपये होता तो १९०३ ला दोन झाला, १९०५ ला दीड, १९०७ ला एक. नुसत्या गोखल्यांनी केलं असं मी म्हणत नाही, पण ते दर वर्षी तेच टुमणं लावून धरत होते. त्यांचं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल मात्र १९१२ ला पडलंच, तिथं आकडे चालले नाहीत.

तो शिक्षणाचा मुद्दा तीस वर्षं आधी जोतीरावांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढं मांडला होता, १८८२ ला. सरकारचा महसूल येतो कष्टकऱ्यांच्या घामातून आणि तो शिक्षणावर खर्च होतो वरच्या वर्गासाठी, हा त्यांचा ताळेबंद. एका ओळीत जमा आणि खर्च.

अंबाजोगाईची_मास्तरीण
जोतीरावांचं नाव निघालंच आहे तर त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे विसरू नका. १८५५ ला तिचा निबंध 'ज्ञानोदय'मधी छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. चौदा-पंधरा वर्षांची पोरगी. तिचा युक्तिवाद बघा, ब्राह्मण म्हणतात वेद आमचेच, आम्हीच वाचायचे, बरं तर मग, वेद तुमचे असतील तर आमच्याकडं धर्माचं पुस्तकच नाही, म्हणजे आम्ही धर्मरहित, मग आमचा धर्म कोणता ते तरी देवा आम्हाला कळव. समोरच्याचंच वाक्य खरं मानायचं आणि ते शेवटपर्यंत ओढत न्यायचं. मोठमोठ्या शास्त्र्यांनाही हे जमत नाही. ह्या सगळ्या थ्रेडमधी एवढी नावं आली, बाईचं एक नव्हतं म्हणून सांगितलं.

गारखेडा_कट्टा
एक लिंकनचं टाकतो. १८५८, इलिनॉयमधी सिनेटच्या जागेसाठी लिंकन आणि डग्लस सात गावांत समोरासमोर बोलले. पहिला एक तास, दुसरा दीड तास, परत पहिला अर्धा तास, म्हणजे तीन तास उन्हात उभं राहून लोक गुलामगिरीवरचा वाद ऐकायचे. आपण तीस सेकंदाचं रील पण पुढं ढकलतो. लिंकन हरला, जागा डग्लसला मिळाली. पण पेपरवाल्यांनी शॉर्टहँडमधी सगळं उतरवून घेतलेलं. लिंकननं त्याची कात्रणं वहीत चिकटवली, स्वतःची भाषणं स्वतःच्या पक्षाच्या पेपरातून आणि डग्लसची डग्लसच्या बाजूच्या पेपरातून, म्हणजे कुणी म्हणायला नको की माझं वाक्य मोडून छापलं. १८६० ला पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी हा प्रेसिडेंट.

आणि बर्कचं राहिलंच की. ज्या बर्कसाठी तू हळहळतोस त्याला पार्लमेंटमधी 'जेवणाची घंटा' म्हणायचे, तो उठला की मेंबर लोक जेवायला उठायचे.

काळा_कोट_परभणी
बर्कला एवढं हसण्यावारी नेऊ नका. वेस्टमिन्स्टर हॉलमधी १७८८ ला त्यानं जो मुद्दा मांडला तो असा, की लंडनमधी जे पाप आहे ते बनारसला अन् अवधला पाप नाही असं चालणार नाही, नीती काही नकाशाप्रमाणं बदलत नसते. हेस्टिंग्जचा बचावच तो होता की तिकडं असंच राज्य चालतं. हेस्टिंग्ज सुटला, कंपनीनं त्याला वर्षाला चार हजार पौंड पेन्शनही दिलं. पण गव्हर्नर जनरल राहिलेल्या माणसाला सात वर्षं आरोपी म्हणून हजर राहायला लागलं ते ह्या 'घंटे'मुळंच.

औशाचा_पोरगा
सगळ्यांचे लई लई आभार. आता प्रॉब्लेम उलटा झालाय, वेळ फक्त सात मिनिटं आहे. मी ठरवलंय की मिटिलीनी घ्यायचं, खर्डा घ्यायचं आणि मुक्ता साळवे घ्यायची. बाकी सगळे कट. दादाभाईंचा तुरुंगवाला मुद्दा एका वाक्यात बसवतो. सिसिली पण टाकू वाटायलंय म्हणजे विषयाच्या विरोधातलं पण येतं, पण सर म्हणतील विषयाच्या बाजूनं बोलायचं असतंय.

धाराशिव_एक्सप्रेस
परीक्षक कोण आहेत?

औशाचा_पोरगा
दोन प्राध्यापक आणि एक माजी नगराध्यक्ष.

धाराशिव_एक्सप्रेस
मग सिसिली टाकच. नगराध्यक्षांना बजेट फुगवून सांगायचा किस्सा लगेच कळेल.

अंबाजोगाईची_मास्तरीण
सिसिली राहू दे, पण मिटिलीनीच्या आधी सांग, नंतर नको. आधी भाषणानं वाटोळं झालेलं ऐकलं की मग दुसऱ्या सभेत काय होणार म्हणून लोक कान टवकारतील. साल उलटं-पालटं होईल ते एका वाक्यात सांगून टाक. आणि खर्डा सांगताना दिवाणाचं ते वाक्य बोलून झाल्यावर थांबायचं, लगेच लढाईवर उडी मारायची नाही. ग्रीक नावं आरशासमोर म्हणून बघ, तिथं अडखळलास तर पुढचं सगळं गेलं.

निवृत्त_लेखापाल_नांदेड
सात मिनिटं म्हणजे सहाची तयारी करायची. टाळ्या पडल्या तर त्याचा वेळ तुझ्याच खात्यात धरतात.

काळा_कोट_परभणी
आणि घंटा वाजली की वाक्य अर्धं असलं तरी थांब. उरलेलं सिसेरोसारखं नंतर इथं छापून टाक, आम्ही वाचतो.